बांबू कुणी, किती तोडायचा?

मैत्रिणींनो, पोरांच्या वहीचा कागद कशापासून होतो? कधी कधी बांबूपासूनही. कागद कारखान्यांसाठी गडचिरोलीच्या जंगलातून वर्षानुवर्षं बांबू गेला.

बांबू म्हणजे खरं तर गवतच. दर पावसाळ्यात बेटाला नवे कोंब फुटतात. कोवळे राखून पिकलेले तेवढेच तोडले, तर बेट टिकतं. सरसकट छाटत राहिलं, तर बेट खंगत जातं. मग कारखान्याला माल नाही आणि आपल्याला सूप-टोपलीही नाही.

१९२७ च्या वन कायद्यानं मात्र या गवताला झाड ठरवलं. त्यामुळे जंगलाशेजारी राहूनही गावाला ते विकता येईना. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपज मानला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. आता किती तोडायचा, कुणाला विकायचा, हे गाव एकमतानं ठरवतं.

बेटाशेजारी राहणाऱ्याला पुढच्या वर्षीही तिथंच जायचं असतं, म्हणून तो जपून तोडतो.

आपल्याही गावातून मोहफूल, तेंदूपानं, वाळू बाहेर जाते. किती न्यायची हे ठरतं, तेव्हा ग्रामसभेत आपण बाया असतो का?