तिऱ्हाईताची साक्ष : महाराज लायबल खटल्याची दुसरी बाजू

१८६२ चा महाराज लायबल खटला करसनदास मुळजींच्या धैर्याची कथा म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण खटल्याची हकीकत वाचताना माझे लक्ष वारंवार जाते ते वादी-प्रतिवादी नसलेल्या माणसांकडे. निकाल त्यांच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांवर अवलंबून होता.

२१ ऑक्टोबर १८६० च्या 'सत्यप्रकाश'मध्ये करसनदासांनी वल्लभ संप्रदायातील महाराजांवर अनाचाराचा आरोप केला. जदुनाथजी महाराजांनी करसनदास व मुद्रक नानाभाई राणिना यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा दिवाणी दावा लावला. लिहिले ते खरे आहे, हा करसनदासांचा मुख्य बचाव. म्हणजे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर. आणि पुरावा मात्र इतरांपाशी : महाराजांच्या अनुयायांपाशी आणि त्यांच्या वैद्यांपाशी.

अशा तिऱ्हाईताला बोलते कसे करायचे? इंग्रजी कायद्याचे उत्तर होते 'सबपीना'. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ 'शिक्षेच्या धाकाखाली'. इंग्लंडमधील १५६३ च्या कायद्याने समन्स बजावूनही न येणाऱ्या साक्षीदाराला दहा पौंड दंड ठरवला, मात्र त्याला येण्याजाण्याचा खर्च आधी देऊ केलेला असला पाहिजे. धाक आणि भत्ता ही जोडी आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सोळाव्या आदेशात आजही आहे. इंग्रजी वळणाचे सुप्रीम कोर्ट मुंबईत १८२४ पासून बसत होते.

पण कोर्टाहून मोठा धाक जातीचा होता. भाटियांच्या सभेत ठरले की महाराजांविरुद्ध साक्ष देईल त्याला जातीबाहेर टाकावे. दंड एकदा भरून मोकळे होता येते. वाळीत पडलेल्याच्या मुलीचे लग्न अडते, मयताला खांदा मिळत नाही. करसनदासांनी या ठरावालाच कोर्टात खेचले. साक्षीदारांना रोखण्याचा कट केल्याबद्दल नऊ भाटियांना १८६१ मध्ये शिक्षा झाली. माझ्या मते मूळ खटल्याचा निम्मा निकाल इथेच लागला.

२५ जानेवारी १८६२ ला सुनावणी सुरू झाली. ती चोवीस दिवस चालली. लखमीदास खिमजी, मथुरादास लवजी हे भाटिया गृहस्थ पिंजऱ्यात उभे राहिले आणि करसनदासांच्या बाजूने बोलले. डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. धीरजराम दलपतराम यांनी महाराजांवर उपदंशासाठी उपचार केल्याचे सांगितले. रुग्णाचे गुपित हे न बोलण्याचे कारण ठरत नाही, असे इंग्रजी न्यायालयाने १७७६ मध्येच ठरवले होते. तरी आपल्याच रुग्णाविषयी, तोही धर्मगुरू, भर कोर्टात असे बोलणे भाऊ दाजींना सोपे गेले असेल असे मला वाटत नाही.

२२ एप्रिलला निकाल लागला. एका तांत्रिक मुद्द्यावर महाराजांना पाच रुपये मिळाले. सत्यतेच्या मुख्य मुद्द्यावर प्रतिवादी जिंकले आणि त्यांना साडेअकरा हजारांचा खर्च मिळाला.

समन्सकडे आपण सक्ती म्हणून पाहतो. खऱ्याची चाड असलेल्या पण भेदरलेल्या माणसाला मात्र ते आडोसाही देते : 'मी आपणहून गेलो नाही, कोर्टाने बोलावले.' जातीपुढे हे वाक्य किती टिकत असेल, हा प्रश्न वेगळा. पण ते उच्चारता येण्याची सोय या शहरात झाली होती, आणि काहींनी त्याहून पुढे जाऊन खरे सांगितले. करसनदासांच्या शेजारी त्यांचीही नावे घेतली पाहिजेत.