उंदीर पडला की घर सोडायचं

पौडच्या पुढचं कोळवण हे माझं आजोळ. लहानपणी तिथे माळ्यावर मेलेला उंदीर सापडला, तेव्हा आजीचा चेहरा पांढराफटक पडलेला मला आठवतो. प्लेगच्या साथी तोवर सरल्या होत्या, पण तिच्या आईने सांगितलेलं ती विसरली नव्हती, "उंदीर पडला की घर सोडायचं." मग माणसं रानात खोपी घालून राहत आणि साथ ओसरल्यावरच परतत.

मला ती अडाणी माणसांची पळापळ वाटे. इतिहास वाचला आणि मत बदललं.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लवकरच तो पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला. रोग घाणीतून पसरतो, या समजुतीने रँडच्या समितीने सोजिरांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या, सामान जाळलं, रोग्यांना हलवलं. लोक धास्तावून रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

पुढच्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने खरं कारण दाखवलं. उंदीर मरून गार पडला, की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. जाणकारांना हे पटायला आणखी काही वर्षं लागली. पणजीला पिसवा ठाऊक नव्हत्या. पण घर कधी सोडायचं, ते बरोबर ठाऊक होतं.

लोकांचं सारंच बरोबर होतं असं नाही. कुणी मरीआईचा कोप मानत बसले. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतलेली लसही अनेकांनी भीतीने नाकारली. पण सोजिराच्या बुटांमागून आलेल्या औषधावर विश्वास बसणार तरी कसा? त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना हडपसरजवळ मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात नेत होत्या. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्या गेल्या. लोक त्यांच्यासोबत जात, कारण त्या आपल्या वाटत.

आता आजोळी डेंगीसाठी पाण्याची पिंपं तपासायला आशाताई येतात. मामी आधी कुरकुरली, "आमचं पाणी स्वच्छच आहे." ताईंनी वाद घातला नाही. पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन त्यातल्या वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. मामीने स्वतःच्या हाताने पिंप पालथं केलं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा ते कोरडं होतं, कुणी न सांगता.