विद्युत वाहनांचे चार्जिंग व स्थानिक वीजवितरण

विद्युत वाहनांचे चार्जिंग व स्थानिक वीजवितरण : विद्युत वाहनाची बॅटरी घरी, सोसायटीत किंवा सार्वजनिक केंद्रावर चार्ज करताना परिसरातील रोहित्र, वाहिन्या व विजेचा दाब यांवर होणारा परिणाम. रायपूरच्या शंकर नगरसारख्या बंगले, सदनिका व दुकानांच्या वस्तीत हा भार सर्वांत आधी गल्लीतल्या रोहित्रावर येतो.

रचना : रायपूरला छत्तीसगढ राज्य विद्युत वितरण कंपनी वीज पुरवते. ३३/११ किलोव्होल्टच्या उपकेंद्रातून ११ किलोव्होल्टच्या वाहिन्या निघतात. वस्तीतले रोहित्र हा दाब उतरवते आणि घरात एका फेजवर २३० व्होल्ट मिळतात.

भार : १५ अँपिअरच्या सॉकेटवर मोटार सुमारे ३.३ किलोवॉट, तर ३२ अँपिअरच्या चार्जरवर ७.४ किलोवॉट वीज खेचते. रोज ३० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला साधारण ५ युनिटे पुरतात. म्हणजे साध्या सॉकेटवर दीड तासाचे काम. रोहित्राला जड जाते ती एकाच वेळी येणारी मागणी. समजा, २०० केव्हीएच्या रोहित्रावर २० मोटारी ७.४ किलोवॉटने एकदम लागल्या, तर त्यांचीच मागणी १४८ किलोवॉट होते. मे महिन्याच्या रात्री एसी व कूलर आधीच चालू असतात.

परिणाम : रोहित्राच्या गुंडाळीचे तापमान ठरलेल्या मर्यादेपुढे दर ६ अंश सेल्सिअसने वाढले, की कागदी आवरण जीर्ण होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. वाहिनीच्या टोकाकडच्या घरांत दाब घसरतो. एकाच फेजवर अनेक चार्जर आले तर न्यूट्रल तारेतून जादा प्रवाह वाहतो व वीजहानी वाढते. निकृष्ट चार्जर, विशेषतः ई-रिक्षांचे, प्रवाहात हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या नकोशा लहरी) मिसळतात. त्यानेही रोहित्र तापते.

उपाय : चार्जर बसवण्याआधी मंजूर भार वाढवून घेणे, फेज समतोल राखणे, मध्यरात्रीनंतर पाळीपाळीने चार्जिंग करणे आणि गरजेनुसार रोहित्राची क्षमता वाढवणे. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी शेती वगळता इतर ग्राहकांसाठी वेळेनुसार वीजदराची तरतूद केली. त्यात सूर्यप्रकाशाच्या तासांतला दर कमी असतो. म्हणून कार्यालयांच्या वाहनतळांवर दिवसा चार्जिंगची सोय होणे मोलाचे आहे. ग्राहकाने वाढीव भार वेळीच कळवला, तर रोहित्र जळून सारी गल्ली अंधारात जाण्याआधी ते बदलता येते.