एका मताचा शनिवार

परवा कपाट आवरताना बाबांची जुनी वही सापडली. दूधवाल्याच्या हिशोबाखाली एक ओळ – '२९ फेब्रुवारी १९९२. अर्थसंकल्प टीव्हीवर थेट पाहिला.' बस्स, एवढंच!

आज याचं अप्रूप वाटणार नाही. पण १९८९ च्या डिसेंबरात राष्ट्रपतींचं अभिभाषण पहिल्यांदा थेट दिसलं, तोवर आमच्यासाठी संसद म्हणजे रेडिओवरच्या बातम्या आणि दुसऱ्या दिवशीचा पेपर. १९९१ च्या डिसेंबरपासून प्रश्नोत्तरांचा तास दूरदर्शनवर येऊ लागला, तोही आधी चित्रित केलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी. बाबा दाढी करता करता बघायचे. आजी वैतागायची, "सकाळी सकाळी कसली ही भांडणं!"

मग १९९६ चा मे आला. वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारवरची चर्चा थेट दिसली. घरात आमरसाचा बेत होता, सगळे पाहुणे ताटं घेऊन टीव्हीपुढे. आणि १७ एप्रिल १९९९, शनिवार. ठरावाच्या बाजूने २६९, विरोधात २७०. आजीने दोनदा विचारलं, "एकाच मताने?" मतदानाला "माझ्या एकटीने काय होतंय" म्हणून कधी न जाणारी आजी त्या सप्टेंबरात काठी टेकत केंद्रावर गेली. कोणाला मत दिलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही!

२००४ च्या डिसेंबरात संसदेसाठी दोन स्वतंत्र वाहिन्या सुरू झाल्या. सोमनाथ चॅटर्जी अध्यक्ष असताना २४ जुलै २००६ ला लोकसभा टीव्ही आला, २०११ मध्ये राज्यसभा टीव्ही. २०२१ मध्ये दोन्हींचं मिळून संसद टीव्ही झालं.

म्हणजे दार उघडत गेलं, असंच मला वाटत होतं. पण १८ फेब्रुवारी २०१४ ला तेलंगणाचं विधेयक लोकसभेत मंजूर होत असताना थेट प्रक्षेपणच बंद पडलं. तांत्रिक बिघाड, असं सांगण्यात आलं. बाबा रिमोट हातात घेऊन बसून राहिले. म्हणाले, "आपल्याच घराचं दार कोणीतरी आतून लावून घेतलं."

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९ मार्च १९७९ पासून सी-स्पॅन प्रतिनिधिगृहाचं कामकाज दाखवतं. वाहिनी केबल कंपन्यांच्या पैशावर चालते, पण सभागृहातले कॅमेरे सभागृहाच्याच ताब्यात. कॅमेरा कुठे वळवायचा, हे ज्यांच्याकडे बघायचं तेच ठरवतात!

तरीही मला तो शनिवार विसरता येत नाही. पेपरात दुसऱ्या दिवशी २६९-२७० वाचून आजी केंद्रावर गेली असती का? मला नाही वाटत. तिने ते होताना पाहिलं होतं.

म्हणून पडदा काळा झाला की विचारावं, का झाला. बाबांनी विचारलं असतं.

असो. वही मी जपून ठेवली आहे. ताई, पुढच्या वेळी आलीस की दाखवते.