सतरा हजार पौंड आणि एक न लिहिलेला कागद

मागच्या वर्षी आमच्या छोट्या टीमला एक अनुदान मिळालं. आशाताईंच्या नोंदवह्या मोबाइलवर आणणारं ॲप बनवायचं होतं. मुदत अठरा महिन्यांची, पैसे तीन हप्त्यांत. तेराव्या महिन्यात मी मीटिंगमध्ये म्हणालो, "आत्तापर्यंतचा कोड बाजूला ठेवू. नव्याने लिहिलं तर यापेक्षा फार चांगलं होईल." ते खोटं नव्हतं. मॅनेजर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बॅबेजनेही हेच केलं होतं. वाचून ये."

इंजिनिअरिंगला असताना चार्ल्स बॅबेज म्हणजे दोन मार्कांचा प्रश्न होता. संगणकाचा जनक कोण? संपलं. त्याचं पहिलं यंत्र सरकारी अनुदानावरचा प्रोजेक्ट होतं आणि ते कधी पूर्णच झालं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या काळी जहाजं, विमा, बांधकाम, सगळं छापील कोष्टकांवर चालायचं. कोष्टकं माणसं हाताने मोडायची. आकडेमोडीत चुका, नक्कल करताना चुका, छपाईचे खिळे जुळवताना आणखी चुका. 1821 मध्ये मित्र जॉन हर्शेलबरोबर अशी कोष्टकं तपासताना बॅबेज वैतागला आणि हे काम यंत्राने करावं असं त्याच्या डोक्यात आलं. 1822 मध्ये त्याने एक लहान नमुना चालवून दाखवला. म्हणजे आपल्या भाषेत प्रोटोटाइप तयार होता. रॉयल सोसायटीने अनुकूल मत दिलं आणि 1823 मध्ये तो ब्रिटनचे अर्थमंत्री फ्रेडरिक रॉबिन्सन यांना भेटला.

सगळा घोटाळा या भेटीत आहे. तिचा लेखी वृत्तांतच ठेवला गेला नाही. यंत्र पूर्ण होईपर्यंत सरकार खर्च उचलणार, असा बॅबेजचा समज झाला. सरकारला वाटलं, आपण एका उपक्रमाला मदत केली. पहिली रक्कम दीड हजार पौंडांच्या आसपास होती आणि बॅबेजचा अंदाज दोन-तीन वर्षांचा होता. कोणत्या टप्प्यावर काय दाखवायचं, काम पूर्ण झालं हे कशावरून ठरवायचं, यातलं काहीच कागदावर नव्हतं.

यंत्र घडवायला त्याला जोसेफ क्लेमंट हा अव्वल कारागीर मिळाला. बिलं क्लेमंटची, ती आधी भागवायची बॅबेजने आणि मग सरकारकडून वसूल करायची. शिवाय त्या काळच्या रिवाजाने कामासाठी बनवलेली खास अवजारं कारागिराच्या मालकीची राहत. म्हणजे पैसा जनतेचा आणि हत्यारं व्हेंडरची. त्यात 1827 मध्ये बॅबेजचे वडील, मुलगा आणि पत्नी जॉर्जियाना एकाच वर्षात गेले. खचलेला बॅबेज युरोपात निघून गेला आणि काम हर्शेलच्या देखरेखीखाली चालू राहिलं.

1832 च्या अखेरीस यंत्राचा साधारण सातवा हिस्सा जोडून झाला. तो बिनचूक चालायचा, आजही चालतो. पण त्यातून छापील कोष्टक बाहेर पडत नव्हतं. 1833 मध्ये कारखाना बॅबेजच्या घराजवळ हलवण्यावरून आणि पैशांवरून क्लेमंटशी फाटलं आणि काम थांबलं. यंत्राला साधारण पंचवीस हजार भाग लागणार होते. त्यातले जवळपास निम्मे तेव्हा तयार होते. पुढे त्यातले बरेचसे भंगारात वितळले.

आणि 1834 मध्ये बॅबेजला आणखी चांगली कल्पना सुचली. ॲनालिटिकल इंजिन. एकच ठरावीक गणित न करता सांगाल ते गणित करणारं यंत्र. कल्पना अफाट होती, आजच्या संगणकाची मांडणी त्यात दिसते. त्याने ती सरकारलाही कळवली. जुनं यंत्र अर्धवट असताना नवं त्याहून सरस आहे हे ऐकून सरकारने काय करायचं? सरकारने बरीच वर्षं निर्णयच दिला नाही. हा दोष सरकारचा. अखेर 1842 मध्ये पंतप्रधान पील यांच्या सरकारने प्रकल्प गुंडाळला. तोवर सतरा हजार पौंडांहून जास्त खर्च झाला होता. 1831 मध्ये स्टीफन्सनच्या कारखान्यातलं एक रेल्वे इंजिन आठशे पौंडांच्या आत पडलं होतं. म्हणजे वीसहून जास्त इंजिनांचे पैसे गेले.

त्या काळी इतकं अचूक काम शक्यच नव्हतं, असं बरीच वर्षं मानलं जायचं. मग लंडनच्या सायन्स म्युझियमने बॅबेजच्याच पुढच्या, सुटसुटीत आराखड्यावरून, त्या काळी साधेल तेवढीच अचूकता पाळून यंत्र बांधलं. 1991 मध्ये त्याचा गणिती भाग तयार झाला आणि चालला. पितळेने दगा दिला नव्हता.

दुसरा पुरावा स्वीडनचा. बॅबेजच्या यंत्राबद्दल वाचून गेओर्ग शॉइत्स आणि त्यांचा मुलगा एडवर्ड यांनी स्वतःचं, लहानसं यंत्र घडवायला घेतलं. स्वीडिश संसदेने पैसे दिले ते अट घालून. 1853 संपेपर्यंत यंत्र चाललं पाहिजे, नाहीतर रक्कम परत. यंत्र वेळेत चाललं आणि 1857 मध्ये अमेरिकेतल्या एका वेधशाळेने ते विकत घेतलं. बॅबेजने या बापलेकांचं मनापासून कौतुक केलं, हे मला विशेष वाटतं.

तरी मी बॅबेजला मूर्ख म्हणणार नाही. दिलेल्या चौकटीत गुमान काम करणाऱ्या माणसाला ॲनालिटिकल इंजिन सुचलं असतं का, कोण जाणे. उपयोगिता प्रमाणपत्रात अशा कल्पनेसाठी रकाना नसतो, आणि हे मला अजूनही खटकतं. पण कोष्टकाची वाट बघणारा खलाशी त्या कल्पनेवर जहाज हाकू शकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी माझा प्रस्ताव मागे घेतला. संस्थेबरोबर बसून आम्ही एक पानभर लिहिलं: काम पूर्ण झालं म्हणजे नेमकं काय, ते कोण तपासणार, कोड कुणाच्या मालकीचा. हे पान पहिल्याच महिन्यात लिहायला हवं होतं. माझी नवी डिझाइन एका फोल्डरमध्ये आहे, पुढच्या अनुदानासाठी.

ॲप आता दोन गावांत चालतं. संथ आहे, दिसायलाही सुंदर नाही. तिथल्या एक ताई अजून वही पिशवीत ठेवतात, रेंज गेली तर लागेल म्हणून. पण एकच नोंद दोनदा लिहिणं त्यांनी बंद केलंय.