कचऱ्या ते सिद्धार्थ : पात्रांच्या नावांचा इतिहास कोण तपासणार?

ऐतिहासिक मालिका आली की लगेच चुका काढणारे पुढे येतात. पगडी त्या काळातली नाही, दागिना चुकीचा, खिडकीला काच कुठून आली, अशा चर्चा आठवडाभर चालतात. पात्रांच्या नावांची अशी तपासणी सहसा कुणी करत नाही. आणि पात्र दलित असेल तर ती करायची गरजही कुणाला वाटत नाही. तिथे दोनच साचे तयार आहेत. कथा जुन्या काळातली असेल तर कचऱ्या, धोंड्या, दगड्या. कथा आजची असेल तर सिद्धार्थ कांबळे नाहीतर मिलिंद कांबळे. पात्र वीस वर्षांचे आहे की ऐंशी वर्षांचे, कथा १८२० मधली आहे की १९७२ मधली, याने लेखकाला काही फरक पडत नाही.

हा मुद्दा किरकोळ आहे असे कुणी म्हणेल. माझे म्हणणे उलट आहे. महाराष्ट्रातल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजात माणसाचे नाव हे त्याच्या जन्मसालाबद्दल बरेच काही सांगते. सामाजिक कामाच्या निमित्ताने जात पडताळणीसाठी वंशावळी चाळाव्या लागतात. वरच्या ओळीत पणजोबा केरू किंवा भिवा, त्याखाली आजोबा नामदेव किंवा नारायण, त्याखाली वडील गौतम किंवा मिलिंद आणि शेवटी मुलगी प्रज्ञा. एका पानावर चार पिढ्या आणि मध्ये कुठेतरी १९५६ साल. पात्राला चुकीचे नाव देणारा लेखक हे सालच पुसून टाकतो.

आधी 'कचऱ्या'चे पाहू. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव ठेवण्याचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे, असे तो सांगतो. ज्या ग्रंथाचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले, त्यात नावसुद्धा उतरंडीत बसवलेले होते. पण नियम लिहिला म्हणून समाजाने तो जसाच्या तसा पाळला असे होत नाही. मराठी लेखकांनी मात्र तो पाळलेला दिसतो!

इतिहास काय सांगतो? चौदाव्या शतकातल्या चोखामेळ्याचे घर पाहा. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. आज एखाद्या लेखकाने चौदाव्या शतकातल्या महार स्त्रीचे नाव 'निर्मळा' ठेवले तर संपादक म्हणेल, "हे फार आधुनिक वाटते, बदला." आणि सोयराबाई हे नाव पुढे सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांच्या राणीचे होते. म्हणजे महारवाड्यातले आणि राजवाड्यातले नाव एकच असू शकत होते.

एकोणिसाव्या शतकात या. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिणारी, फुले दांपत्याच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी मुक्ता साळवे. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या बहिणीचे नाव. पुढे गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे, किसन फागू बनसोडे. गोपाळ, शिवराम, किसन ही नावे कुठल्याही मराठी घरातली आहेत. स्वतः बाबासाहेबांच्या घरात आजोबा मालोजी, वडील रामजी, आई भीमाबाई, भाऊ बाळाराम आणि आनंदराव, बहिणी मंजुळा आणि तुळसा. या घरात कचऱ्या आणि धोंड्या शोधून दाखवा.

मग कचरू, दगडू, धोंडू ही नावे खोटी का? अजिबात नाही. ती होती आणि भरपूर होती. पण त्यांचे कारण जातीपुरते नव्हते. मुले जगत नसत, तेव्हा पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम टाकाऊ वस्तूचे नाव ठेवायचे, ही पद्धत अनेक जातींत होती. जिथे दारिद्र्य आणि बालमृत्यू जास्त, तिथे अशी नावे जास्त असणार हे उघड आहे. पण धोंडो केशव कर्वे हे नाव आठवा. पुण्यातले दगडूशेठ हलवाई आठवा. १८५७ च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत होते. एका बाजूला धोंडोपंत आणि महर्षी, दुसऱ्या बाजूला तेच नाव 'धोंड्या' होऊन अंगण झाडणार. नाव तेच राहते, जात बदलली की त्याचा शेवट बदलतो.

इथेच खरी गोम आहे. 'ऱ्या' आणि 'ड्या' लावून मारलेली हाक म्हणजे नाव नव्हे. गावात पाटील रामाला 'राम्या' म्हणत असेल, पण त्याची आई त्याला तसे म्हणत नव्हती. बहुतेक लेखक पाटलाच्या ओट्यावर बसून नाव ऐकतात आणि तेच पात्राचे अधिकृत नाव म्हणून छापतात. ओट्यावरची हाक जरूर लिहा, ती इतिहासाचा भाग आहे. पण पात्र स्वतःच्या घरात गेल्यावर तरी त्याला त्याचे नाव परत मिळाले पाहिजे.

पेशवाईच्या काळातल्या कथेत आणखी एक चूक होते. तिथला महार शिपाई किंवा पहारेकरी नुसता 'रामू' नाहीतर 'भिकू' असतो. त्या काळातल्या महार पुरुषांच्या नावांत 'नाक' हा प्रत्यय ठळकपणे दिसतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावला उभारलेल्या स्तंभावर असे 'नाक' लागलेले सैनिक कोरलेले आहेत. दरवर्षी लाखो लोक तिथे जाऊन ती नावे वाचतात. पटकथालेखकाला त्या काळातली अस्सल नावे हवी असतील तर ती दगडावर कोरून ठेवलेली आहेत, कुठल्या बंद दप्तरात शोधायची गरज नाही. 'नाक' गाळून 'रामू' लिहिले की सैनिकी परंपरेची खूण जाते आणि उरतो तो फक्त नोकर.

आता दुसरा साचा, 'सिद्धार्थ'.

बौद्ध परंपरेतली नावे आपल्याकडे आधी इमारतींवर आली आणि मग पाळण्यात आली. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात दादरच्या घराला 'राजगृह' नाव दिले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, आणि तो परिसर नागसेनवन झाला. धर्मांतराच्या आधी दहा वर्षे खेड्यातला मुलगा 'मी सिद्धार्थमध्ये शिकतो' म्हणू लागला होता. स्वतः त्या मुलाचे नाव मात्र विठ्ठल किंवा नामदेव असायचे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर चित्र बदलले. गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, आनंद. मुलींत सुजाता, यशोधरा, संघमित्रा, आम्रपाली, प्रज्ञा, करुणा. यामागे नुसती हौस नव्हती, एक व्यावहारिक कारणही होते. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. तोपर्यंत कागदावर धर्म लिहिताना अनेक घरांची कोंडी होती. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये 'हिंदू महार' आणि त्याच ओळीत नाव 'गौतम', अशी नोंद आपल्यापैकी अनेकांच्या घरात निघेल. जात आणि धर्माच्या रकान्यावर सरकारचे नियम होते, नावाच्या रकान्यावर आईबापांचा अधिकार होता. म्हणून त्यांनी धर्मांतर नावाच्या रकान्यात नोंदवले. हे समजले की 'सिद्धार्थ' हे नाव कुठल्याही वर्षी जन्मलेल्या पात्राला का चिकटवता येत नाही, तेही समजते.

याचा सर्वात सोपा पुरावा दलित पँथर आहे. संघटना १९७२ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक आणि बिनीचे शिलेदार कोण? राजा ढाले, जन्म १९४०. नामदेव ढसाळ, जन्म १९४९. ज. वि. पवार, म्हणजे जयराम विठ्ठल. अर्जुन डांगळे. यांतले एकही नाव बौद्ध परंपरेतले नाही, कारण हे सगळे धर्मांतराच्या आधी जन्मलेले आहेत. ज्या वडाळ्याच्या वसतिगृहात या तरुणांची ऊठबस होती, त्याचे नाव मात्र 'सिद्धार्थ विहार'. उद्या कुणी पँथरवर कादंबरी लिहिली आणि पंचविशीतल्या सगळ्या पोरांची नावे सिद्धार्थ, मिलिंद, राहुल ठेवली, तर ती नावे ऐकायला आंबेडकरी वाटतील, पण इतिहास म्हणून चूक असतील. नामांतराच्या लढ्यातही हीच पिढ्यांची रेषा दिसते. १९७८ चे शहीद पोचीराम कांबळे आणि १९९३ चे शहीद गौतम वाघमारे. एकाच लढ्याची ही दोन नावे शेजारी ठेवली तरी काळ किती सरकला ते कळते.

नाव बरोबर ठेवणारी उदाहरणेही आहेत. 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटातला लोकशाहीर पासष्टीच्या आसपासचा आहे आणि त्याचे नाव नारायण कांबळे आहे. हिशेब करा. या माणसाचा जन्म १९५० च्या आगेमागे होतो. विचाराने तो पक्का आंबेडकरी, पण नाव नारायण, आणि ते तसेच असायला हवे. 'फँड्री'तला (२०१३) जब्या हा जांबुवंत कचरू माने आहे. हे कैकाडी कुटुंब आहे, त्यांच्या नावांचा इतिहास बौद्धांपेक्षा वेगळा आहे. तिथे मुलाचे नाव सिद्धार्थ ठेवले असते तर एका समाजाचे वास्तव दुसऱ्यावर लादले गेले असते. मातंग, चर्मकार, कैकाडी, बौद्ध अशा सगळ्यांसाठी एकच 'दलित नावांची' यादी वापरणे हाही आळसच आहे.

यावर दोन आक्षेप येतात.

पहिला आक्षेप असा की प्रत्यक्षात अपवाद असतातच. असतात ना! दया पवारांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. 'बलुतं'मध्ये दगडू आणि दया ही एकाच माणसाची दोन नावे समोरासमोर येतात, आणि त्या दोन नावांमधले अंतर हाच त्या आत्मकथनाचा एक मोठा विषय आहे. प्रौढपणी नाव बदललेला ऐंशी वर्षांचा सिद्धार्थ असू शकतो. पण मग त्याने नाव कधी बदलले, का बदलले, घरातली म्हातारी माणसे त्याला अजून कोणत्या नावाने हाक मारतात, हे लेखकाला माहीत असले पाहिजे. उलट बाजूने, राहुल म्हटले की बौद्धच असेही नाही. उद्योगपती राहुल बजाज १९३८ चे, संगीतकार राहुल देव बर्मन १९३९ चे. एकच नाव वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या वाटांनी पोचते. ती वाट माहीत असणे म्हणजेच पात्र माहीत असणे.

दुसरा आक्षेप म्हणजे प्रेक्षकाला चटकन कळायला हवे. काय चटकन कळायला हवे? पात्राची जात. म्हणजे नावावरून जात ओळखण्याची जी सवय भाड्याने घर देताना, मुलाखत घेताना, लग्न जुळवताना आपल्याला छळते, तीच सवय सोयीची म्हणून कथेत वापरायची. आणि त्यात गंमत अशी की त्याच लेखकाचा सवर्ण नायक वयाप्रमाणे नाव बदलत जातो. आजोबा विष्णुपंत, वडील सुधीर, मुलगा अद्वैत. तिथे तीन पिढ्यांची तीन नावे सुचतात. सवर्ण घराला काळ असतो आणि दलित घराला फक्त जात असते, असा याचा अर्थ होतो.

सर्वात जास्त अन्याय स्त्रियांवर झाला आहे. जुन्या काळातली दलित स्त्री बहुतेक वेळा बिननावाची असते, नुसती 'म्हातारी' किंवा अमक्याची बायको. वास्तवात २० जुलै १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि त्याच काळात शांताबाई दाणी चळवळीत उभ्या राहत होत्या. सुलोचना आणि शांता ही १९४० च्या दशकातल्या आंबेडकरी कार्यकर्त्या स्त्रियांची खरी नावे आहेत. किती कादंबऱ्यांत ती दिसली?

लेखक-दिग्दर्शकांना माझे सांगणे एवढेच आहे. पात्राचे वय ठरवा, जन्मसाल काढा, ते १९५६ च्या अलीकडचे की पलीकडचे ते पाहा, समाज आणि जिल्हा पाहा, मग नाव ठेवा. त्यासाठी वस्तीतल्या चार म्हाताऱ्या माणसांशी बोलावे लागेल. पगडीसाठी तज्ज्ञ नेमता, तर नावासाठी एवढे करायला हरकत नाही.

आणि आपल्या लोकांना सांगणे आहे की हा इतिहास फक्त आपल्याच घरात आहे. जात पडताळणीच्या वंशावळीत पुरुषांची नावे उतरतात, बायकांची बहुतेक वेळा उतरतच नाहीत. आजीला, मोठ्या आत्याला विचारा : तुझ्या आईचे नाव काय, तिच्या आईचे काय, लग्नात नाव बदलले का, दीक्षेनंतर बदलले का. वहीत लिहा, सोबत अंदाजे साल लिहा. ही माणसे गेली की ती नावेही जातील, आणि मग त्या रिकाम्या जागी पुन्हा कुणीतरी 'कचऱ्याची बायको' असे लिहील.

जय भीम!