मन्सूर, उस्ताद
(कार्यकाल सु. १५९०–१६२४). मुघल दरबारातील प्राणी, पक्षी व फुले यांचा श्रेष्ठ चित्रकार. जहांगीराने त्यास ‘नादिर-उल्-अस्र’ (युगातील अद्वितीय) हा किताब दिला. बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण त्यांची चित्रे काढविली नाहीत, ही उणीव जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नोंदविली आहे. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या प्राणिपक्ष्यांत टर्की होता; मन्सूरचे मानले जाणारे त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहे. झेब्र्याचे १६२१ मधील चित्रही तेथेच असून त्यावर जहांगीराची स्वहस्ते केलेली नोंद आहे. हा प्राणी प्रथम पाहताना त्याचे पट्टे रंगविलेले असावेत, असा संशय आला होता. सायबेरियन क्रौंचाचे चित्र कोलकात्याच्या इंडियन म्यूझीयममध्ये आहे. काश्मीरमधील शंभराहून अधिक फुलांच्या चित्रांचा उल्लेख जहांगीर करतो. त्यांपैकी फारच थोडी उरली आहेत.

ही चित्रे भिंतीसाठी नव्हे, तर मुरक्क्यांच्या (चित्रसंग्रहांच्या) पानांसाठी काढलेली होती. मुरक्के पुढे फुटले व पाने देशोदेशी विखुरली. प्रकाशाने कागद व रंग खराब होत असल्याने संग्रहालये ती आळीपाळीनेच मांडतात. त्यामुळे विद्यार्थ्याने अगोदर चौकशी करणे इष्ट. चित्रावरील नाव हा मात्र पुरेसा पुरावा नव्हे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील केव्होर्कियन चित्रसंग्रहात सतराव्या शतकातील पानांबरोबरच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या नकलाही आहेत. अशा वेळी अलंकृत हाशियापेक्षा पक्ष्याचे डोळे, पाय व पिसांचे रेखन यांची तुलना अधिक उपयोगी पडते.